शाळेत या, शाळेत जाऊ नका

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि थोरल्या बहिणीला. बाकी सारं शहर त्याला भोंगा म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. त्याला त्याचा राग नव्हता. तीनचाकी गाडीच्या टपावर कर्णा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरणाऱ्या माणसाला लोक आणखी काय म्हणणार, पंडित?

चादरींचा सेल, हरवलेलं कुत्रं, सर्कशीचा मुक्काम, उद्या नळाला पाणी नाही, परवा मतदान आहे. जो कोणी बोलावेल त्याचं तो सांगायचा. आवाज मात्र असा की चादर घ्यायची नसली तरी माणूस दारात यायचा. भारदस्त, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. आपण काय सांगतोय यावर त्यानं कधी डोकं चालवलं नव्हतं. "मी सांगणारा. खरं-खोटं करणारे वेगळे," असं तो म्हणायचा आणि निवांत झोपायचा. हे फार सुखाचं तत्त्वज्ञान आहे. फक्त ते पूर येईपर्यंत टिकतं.

हा आवाज त्याला कुणा गुरूनं शिकवला नव्हता. तो घडला बहिणीच्या कानांमुळे. आई लवकर गेली. अक्का, म्हणजे ही थोरली बहीण, सूतगिरणीत कामाला लागली आणि तिनं त्याला वाढवलं. गिरणीतल्या यंत्रांच्या खडखडाटानं तिला हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं. मग "भूक लागली" एवढं सांगायलासुद्धा पोराला ओरडावं लागे. नुसतं ओरडूनही भागत नसे. शब्द तोंडातल्या तोंडात राहिला की अक्का हात हलवायची, म्हणजे पुन्हा म्हण. तो पुन्हा म्हणायचा. ती पुन्हा हात हलवायची. अशानं पोराचा एकतर घसा बसतो, नाहीतर आवाज तयार होतो. याचा आवाज तयार झाला.

आता अक्का नदीपलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. गिरणी केव्हाच बंद पडली होती, पण अक्काचा राग अजून पूर्ण पाळीत चालू होता. "त्या मेलीनं माझे कान खाल्ले. तिच्या आवारात मी पुन्हा पाय टाकायची नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मोबाइल तिला ऐकू येत नसे. शेजाऱ्यांवर विश्वास नव्हता, डॉक्टरांवर तर नव्हताच. शहरात काहीही घडलं की तिचं एकच, "आमचा धाकटा येऊन सांगेल तेव्हा बघू." तिच्या गल्लीत तो मुद्दाम गाडी सावकाश न्यायचा, सेल संपलेला असला तरी. ती दारात उभी राहून सगळं ऐकायची आणि पसंतीची मान डोलवायची. चादर तिनं एकही घेतली नाही.

मग नदी शहरात शिरली. आली तशी गेलीही, पण जाताना सगळा चिखल इथंच ठेवून गेली. पूल मध्येच खचला, पलीकडे जायला बचाव पथकाच्या होड्या तेवढ्या उरल्या. नगरपालिकेच्या तळमजल्यावर गुडघाभर गाळ होता, म्हणून आरोग्य खात्यानं वरच्या मजल्यावर टेबलं मांडली, आणि पहिल्याच सकाळी भोंग्याला बोलावणं आलं. खात्याच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या. ओले बूट, डोळे लाल, हातात गार झालेला चहा. त्या म्हणाल्या, "पाणी उकळून प्या, एवढंच सांगायचं. आज दिवसभर."

भोंग्यानं दिवसभर लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. लोक दारात आले आणि म्हणाले, "उकळायचं कशावर? लाकडं भिजली, गॅस वाहून गेला." ते त्यानं परत येऊन सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी निरोप बदलला. उकळणं जमत नसेल तर बादलीला एक गोळी टाका. तोवर बाहेरगावाहून निळी जॅकेटं घातलेले मदतवाले आले होते, आणि त्यांच्या गोळ्या वेगळ्या होत्या. त्यातली एक अख्ख्या पिंपाला पुरायची, पण बादलीला टाकली तर पाण्याला असा वास यायचा की गुरानंही तोंड लावलं नसतं. मग निरोप झाला, पांढऱ्या पाकिटातली बादलीला, हिरव्या पाकिटातली पिंपाला. त्यावर पाणी खात्याचे साहेब येऊन म्हणाले, नळ सुरू झालेत, नळाच्या पाण्याला गोळी नको. निळे जॅकेटवाले म्हणाले, हवीच. साहेब म्हणाले, पाणी आमचं आहे का तुमचं? एक ना धड, भाराभर चिंध्या.

घरी बायकोनं विचारलं, "मग आपण कुठली टाकायची?"

"मला काय विचारतेस? मी दिवसभर सांगत फिरतोय, मला विचार करायला वेळ कुठंय?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," बायको म्हणाली, आणि तिनं दोन्ही गोळ्या बाजूला ठेवून चुलीत खुर्चीचा पाय घातला. पाणी तिनं उकळलंच.

चार-पाच दिवसांत भोंग्याचा घसा चिरकायला लागला. ऑफिसातला संगणकवाला हुशार. तो म्हणाला, "रोज कशाला ओरडता? एकदा रेकॉर्ड करू, पेनड्राइव्हवर टाकू, आणखी दोन गाड्या लावू." लावल्या. एक बाजारपेठेत, दुसरी नदीपलीकडे, जी पुरात तिकडेच अडकून पडली होती. तिला होडीतून पेनड्राइव्ह पाठवला की काम झालं. भोंगा फार खूश होता. एका चौकात तो गाडी उभी करून चहा पीत होता तर कोपऱ्यावरून त्याचाच आवाज वळून आला आणि त्याच्या समोरून निघून गेला. त्यानं ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला.

पलीकडच्या वस्तीसाठी निरोप वेगळा होता. तिथल्या विहिरी नासल्या होत्या, म्हणून टेकाडावरच्या शाळेत छावणी उघडली होती. भोंग्यानं ते अगदी जीव ओतून रेकॉर्ड केलं. "शाळेत या. शाळेत स्वच्छ पाणी आहे. घरचं पाणी पिऊ नका. शाळेत या." हे म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच बाई होती. ती घर सोडायला तयार नव्हती. निळ्या जॅकेटवाल्यांनी दोनदा विनवलं, तिनं दोनदा दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी होडीवाल्यानं हसत हसत बातमी आणली, "आम्ही हात जोडले तर आली नाही. तुझी गाडी गल्लीतून गेली तशी गाठोडं घेऊन निघाली तुझी अक्का." भोंग्याची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज चादरीपेक्षा बऱ्या कामाला आला असं त्याला वाटलं, आणि ते बायकोला त्यानं चार वेळा सांगितलं.

दोन दिवसांनी तो ऑफिसात गेला तर सगळे एकदम बोलत होते. शाळेच्या छावणीत लोकांना जुलाब सुरू झाले होते. संडासाचं पाणी पाझरून शाळेच्या टाकीत जात होतं. डॉक्टरीणबाई कुणावर ओरडत नव्हत्या, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे भोंग्याला कळलं.

"शाळा रिकामी करायची," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तिकडच्याच सूतगिरणीच्या गोदामात. तिथं पलीकडच्या गावांतून टँकरचं पाणी पोचतंय. आत्ता रेकॉर्ड करा."

"मॅडम, माझी बहीण आहे शाळेत."

"म्हणूनच आत्ता करा."

त्यानं केलं. "शाळेत जाऊ नका. शाळेचं पाणी पिऊ नका. गिरणीच्या गोदामात या." त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी आवाजात ते आलं नाही. सवय वाईट असते. होडी पेनड्राइव्ह घेऊन गेली. गोदामात अक्का येईल का, या एका काळजीनं त्याला दिवसभर पोखरलं. त्या आवारात पाय टाकायचा नाही म्हणून ती हटून बसली तर? मग त्यानं स्वतःची समजूत घातली, मी सांगितलंय म्हटल्यावर येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन नदीकाठच्या रस्त्यानं चालला होता. पाणी प्यायला त्यानं कर्णा बंद केला, आणि नदीपलीकडून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. वाऱ्यावर, पण स्पष्ट. "शाळेत या. शाळेत स्वच्छ पाणी आहे." त्याला वाटलं नवीन पेनड्राइव्ह पोचलाच नाही. तेवढ्यात आवाज म्हणाला, "शाळेत जाऊ नका. गिरणीच्या गोदामात या." हुश्श! पोचला म्हणायचा. आणि मग आवाज पुन्हा म्हणाला, "शाळेत या."

भोंगा बाटली हातात धरून उभाच राहिला. त्यानं संगणकवाल्याला फोन लावला.

"दोन्ही आहेत ना त्यात," संगणकवाला म्हणाला. "तोच पेनड्राइव्ह परत आला होता. जुन्याच्या खाली नवं टाकलं."

"अरे, मग जुनं पुसलं नाहीस?"

"पुसा असं कुणी सांगितलं नव्हतं."

हे उत्तर ऐकून भोंग्याला राग येणार होता, पण येईना. कारण आयुष्यभर तो स्वतःही नेमकं हेच उत्तर देत आला होता. त्यानं पलीकडच्या ड्रायव्हरला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. उचलेल कोण? कर्ण्याच्या दणक्यानं डोकं उठतं म्हणून ड्रायव्हर दोन्ही कानांत कापूस कोंबून गाडी चालवायचा. काल सकाळपासून त्या साऱ्या वस्तीत भोंगा एका तोंडानं या म्हणत होता आणि त्याच तोंडानं जाऊ नका म्हणत होता, आणि ते ऐकू येत नव्हतं एकट्या ड्रायव्हरला.

भोंगा तसाच जाऊन होडीत चढला. होडीत एक निळा जॅकेटवाला होता. भोंग्यानं त्याला विचारलं, "पण गोदाम नक्की ना?"

"तसं नक्की," तो म्हणाला. "म्हणजे छप्पर गळतंय अशी तक्रार आहे. फेरविचार चाललाय. पण तूर्तास गोदामच. बहुतेक."

काठ लागायच्या आधीच भोंग्यानं होडीतून उडी टाकली.

तो आधी शाळेत गेला. वर्गांत चिखलाची पावलं, उलटे बाक, एक चप्पल. कोपऱ्यात काही कुटुंबं अजून बसून होती. "अक्का?" तो ओरडला. एक बाई म्हणाली, "बहिरी आजी ना? ती गोदामात गेली. मग परत आली. मग परत गेली." तो गोदामाकडे पळाला. दारातल्या माणसानं सांगितलं, "आली होती. दारापर्यंत. गाडी आली, काहीतरी ऐकलं, आणि माघारी फिरली."

ती त्याला मधल्या रस्त्यावर सापडली. बंद दुकानाच्या पायरीवर, गाठोडं मांडीवर, चेहरा मातकट, ओठ सुकलेले. तिच्या आजूबाजूला आणखी बरेच लोक होते. कुणी गोदामाकडे तोंड करून, कुणी शाळेकडे, कुणी नुसतेच. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, की आता काय?

"अक्का!"

तिनं मान वर केली. रागावलेली दिसली. "तुझं लहानपणापासून असंच. एकदा ये म्हणतोस, एकदा जा म्हणतोस. कालपासून पाय मोडले माझे."

"अक्का, गोदामात चल!" तो तिच्या कानाशी ओरडला.

"हे आत्ताचं, का मघाचं?"

त्यानं तिचा हात धरला तर हात थंड होता आणि त्वचा चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती. अंगातलं पाणी संपलं की असं होतं, हे त्यानंच तर कर्ण्यावरून शहराला सांगितलं होतं. "अक्का, शाळेतलं पाणी प्यालीस?"

"प्याले की. पोटभर. तू म्हणालास ना, स्वच्छ आहे म्हणून."

तेवढ्यात ती गाडी आली. टपावर कर्णा, कर्ण्यात भोंगा. "शाळेत या. शाळेत स्वच्छ पाणी आहे." पायरीवरचे दोघे-तिघे खरंच उठले. भोंगा रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, कानातला एक बोळा काढला आणि शिवी द्यायला तोंड उघडलं, पण समोरचा माणूस ओळखून मिटलं. भोंग्यानं आत हात घालून पेनड्राइव्ह उपटला.

एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेला घाबरून माणसं घराघरांतून बाहेर आली. "बंद का केलं?" "अहो, आम्ही कुठं जायचं ते तरी सांगा!" "तुम्हीच सांगत होता ना?"

भोंग्यानं माइक हातात घेतला. आजवर माइक हातात आला की त्याच्याजवळ कुणीतरी दिलेलं वाक्य असायचं. आज नव्हतं. शाळा चूक होती हे नक्की, पण काल तीही नक्कीच होती. गोदाम तूर्तास, बहुतेक. त्यानं समोर पाहिलं, लोक वाट पाहत होते. त्यानं अक्काकडे पाहिलं. ती हात हलवत होती. म्हणजे, काय म्हणालास? पुन्हा म्हण.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. कर्ण्यातून ते वस्तीच्या टोकापर्यंत गेलं. "लोकहो, काय बरोबर ते मला माहीत नाही. शाळेचं पाणी खराब निघालं. तिकडे मीच बोलावलं होतं तुम्हाला. आता मी माझ्या बहिणीला गोदामात नेतोय. एवढंच मला ठाऊक आहे. मी माझ्या बहिणीला गोदामात नेतोय."

त्यानं माइक ठेवला, अक्काला गाडीत बसवलं आणि गाडी चालायला लागली. वळणावर त्यानं मागं पाहिलं. गाठोडी उचलून सगळा रस्ता त्यांच्या मागून येत होता. शाळेत राहिलेली कुटुंबंसुद्धा उतरून येताना दिसली.

गोदामाच्या फाटकाशी अक्कानं पाटी पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पाटी तिनं जन्मभर पाहिली होती. "गिरणी," ती म्हणाली.

"गिरणी नाही अक्का, गोदाम!"

"एकच ते." पण ती उतरली. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन आत आली. सुताची बोचकी टांगायच्या आकड्यांना आता सलाइनच्या बाटल्या लटकत होत्या. डॉक्टरीणबाई होडीनं आल्या होत्या, त्यांनी स्वतः अक्काची शीर शोधली. ती सापडायला फार वेळ लागला. अक्कानं डोळे उघडून छपराकडे, भिंतींकडे पाहिलं आणि भावाला म्हणाली, "किती शांत झालंय रे इथं." तिथं दोनेकशे माणसं कण्हत होती, पोरं रडत होती. भोंगा ओरडून म्हणाला, "हो अक्का, अगदी शांत!"

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

तिला निरोप देऊन तो होडीनं परत आला. बायकोनं हात धरून काठावर उतरवलं. मनात त्याच्या एकच घोळ. तिला शाळेत कोणी बोलावलं? मी. शाळेतून कोणी काढलं? मी. दिवसभर रस्त्यावर कोणी फिरवलं? तेही मीच. मग तिला वाचवायला आला तो कोण? अशा विचारात माणूस पायाखाली बघतो. त्यामुळे गाडी जवळ येईपर्यंत त्याचं लक्ष गेलं नाही.

"मला माहीत नाही," गाडी म्हणाली. "लोकहो, काय बरोबर ते मला माहीत नाही."

कुणीतरी मोबाइलवर ते टिपून ऑफिसात पाठवलं होतं, आणि इतक्या निरोपांनी जे झालं नव्हतं ते या एका निरोपानं झालं म्हणून संगणकवाल्यानं ते तिन्ही गाड्यांवर चढवलं होतं. या वेळी जुनं सगळं आठवणीनं पुसलं होतं. अलीकडच्या काठाला गोदाम नव्हतं, तरी इकडच्या गाड्यांवरही तेच. "मी माझ्या बहिणीला गोदामात नेतोय," असं सांगत गाडी बाजारपेठेकडे वळली. भोंगा रस्त्यातच खाली बसला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "मला आधी कळलं नाही. अलीकडचं आम्ही बंद केलंय. पलीकडे कालही ते ऐकून माणसं निघाली, टेकाडामागची काही घरं अजून विहिरीचं पितायत. पण तुम्ही म्हणाल तर तेही लगेच बंद करते."

"तुम्ही सांगाल तसं," भोंगा सवयीनं म्हणाला.

"नाही. हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

बंद करा म्हणावं तर टेकाडामागची घरं. चालू ठेवा म्हणावं तर तो आवाज, जो अजून अक्काला नेतच होता, रोज, दिवसभर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्याला दोन्हींतलं एकही म्हणवेना. तो उठला, गळ्याला मफलर गुंडाळला आणि त्यांच्याबरोबर होडीत जाऊन बसला. पलीकडे गेल्यावर त्यानं गाडीतला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. ड्रायव्हरला बाजूला बसवून माइक स्वतः धरला.

टेकाडामागच्या शेवटच्या घरात एक म्हातारी दारात उभी होती. गाठोडं बांधून तयार, पण निघत नव्हती. तिनं त्याचा आवाज लगेच ओळखला.

"तूच ना तो, बहिणीला नेणारा? नेलंस का तिला नीट?"

भोंगा काहीतरी पुटपुटला. म्हातारीनं कानामागे हात धरला, मग तोच हात हलवला. पुन्हा म्हण.

त्यानं माइक खाली ठेवला. घसा साफ केला आणि तिच्या जवळ जाऊन मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "नेलं हो आजी. मी स्वतः नेलं. जरा उशीर झाला. तुम्ही उशीर करू नका, चला."

म्हातारीनं मान डोलवली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.